राळ लावलेल्या खुंट्या

नवऱ्याला मी चारचौघांत 'अहो' म्हणते. राग आला की मनातल्या मनात नुसतं भागवत. हे सांगतानाही राग उतरलेला नाही, तेव्हा इथं तो भागवतच राहील.

नांदेडला वजिराबादेत आमचं पेटीदुरुस्तीचं दुकान आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम. गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणाऱ्या रागींच्या पेट्या येतात, गावोगावच्या भजनी मंडळांच्या येतात, अधूनमधून एखादा तानपुराही येतो. सूर लावायचं काम भागवतचं, भात्याचं चामडं चिकटवायचं माझं. त्याचा हात चांगला आहे, हे मी रागातसुद्धा कबूल करते. पण तो हात त्याला दिला निलंग्याच्या चन्नबसप्पांनी, आमच्या आप्पांनी. भागवत किल्लारीकडचा, शेतकऱ्याघरचा. बारावीत नापास झाला आणि घरी कुठल्या तोंडानं जायचं म्हणून निलंग्यात आप्पांच्या दारात जाऊन बसला. आप्पांनी ठेवून घेतलं, जेवू घातलं, आणि कान तयार होईपर्यंत एकाच सुरावर बसवून ठेवलं. आप्पांना मूलबाळ नाही. आमच्या लग्नात मांडवात ते नवा फेटा बांधून माझ्या सासऱ्यांच्या शेजारी उभे होते, आणि सासऱ्यांपेक्षा तेच जास्त रडले.

पियानो आमच्या वाट्याला आला तो लातूरहून. औसा रोडला एक शाळा आहे. तिथले अध्यक्ष शेषेराव सर भारी हौशी माणूस. सगळं लातूर डॉक्टरकीच्या परीक्षेच्या मागं लागलेलं असताना ह्यांनी मुंबईहून जुना पियानो आणून शाळेच्या हॉलमध्ये उभा केला. एप्रिलच्या उन्हात त्याचे सूर उतरायला लागले. आज लावावेत, उद्या ढिले. कुणीतरी सरांना सांगितलं, नांदेडच्या पेटीवाल्याला बोलवा. भागवतनं जन्मात पियानोला हात लावला नव्हता, तरी फोनवर ऐटीत म्हणाला, "हाव सर, बघून घेतो की."

मला गंजगोलाईत भाचीच्या लग्नाचे कपडे घ्यायचे होते, म्हणून मीही बरोबर गेले. पियानोची पुढची फळी काढली तर आत लोखंडी खुंट्यांच्या रांगा. प्रत्येक खुंटीला तारेचे वेढे, आणि खुंटी मागच्या जाड लाकडात रुतलेली. लाकडानं खुंटी घट्ट धरली तर सूर टिकतो. उन्हानं लाकूड आकसलं होतं, भोकं सैल पडली होती, आणि मधल्या सुरांच्या खुंट्या तारेच्या ओढीनं हळूहळू उलट फिरत होत्या. हे दुखणं भागवतच्या ओळखीचं निघालं. तानपुऱ्याची लाकडी खुंटी घसरायला लागली की तिला खडू घासतात. फारच नाठाळ असली तर खडूत चिमूटभर राळेची पूड. त्याच्या पिशवीत दोन्ही होतं. तरी त्यानं आधी आप्पांना फोन लावला. हातात पाना होता म्हणून स्पीकरवर टाकून फोन माझ्याकडं दिला.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भागवत, त्या वाद्याला माझा हात कधी लागला न्हाई. आपली राळ, आपला खडू आपल्या तानपुऱ्याला. त्याला लावू नको. त्यातला जाणता माणूस बघ अन् त्याला इचार."

"हाव आप्पा," भागवत म्हणाला, आणि मी फोन बंद केला.

मग त्यानं पिशवीतून राळ काढली. मी म्हटलं, "अहो, आप्पा काय म्हणाले?" तर म्हणे, "म्हातारे झालेत, भितात आता." मला दुकानं बंद व्हायच्या आत गोलाईत पोचायचं होतं. मी निघून गेले.

राळेनं खुंट्या धरल्या. अगदी पक्क्या धरल्या. मे महिनाभर सूर हलला नाही. शेषेराव सर इतके खूश झाले की शाळेत बोलावून भागवतचा सत्कार केला. शाल, नारळ, फोटो. फोटो पेपरात आला. भागवतनं त्याचं लॅमिनेशन करून दुकानात टांगलं, आणि पाटीवर पेंटरकडून लिहून घेतलं, 'येथे पियानो दुरुस्त करून मिळेल.' सगळ्या नांदेडात पियानो किती असतील हो? पण पाटी लागली. लोक विचारायचे आणि हा मान खाली घालून, लाजल्यासारखं करून सगळं सांगायचा. तेव्हा मलाही बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पाऊस सुरू झाल्यावर शेषेराव सरांचा फोन आला. गुरुपौर्णिमेला शाळेत मोठा कार्यक्रम होता. आरती नावाची शाळेतली नववीची मुलगी पियानो वाजवणार होती. आणि सरांच्या डोक्यात आलं होतं की ज्या गुरूनं असा कारागीर घडवला त्या गुरूचाही त्याच दिवशी सत्कार करावा. "घेऊन या तुमच्या गुरुजींना. आदल्या दिवशीच या. हैदराबादहून पियानोच्या मॅडम पण येणारेत, सूर जरा बघून घेतील. तुमची ओळख होईल." आप्पांना हे फोनवर सांगितलं. नंतर त्यांच्या पुतण्याकडून कळलं की त्याच संध्याकाळी ते नवं धोतर घेऊन आले.

आदल्या दिवशी आम्ही नांदेडहून आलो, आप्पा निलंग्याच्या बसनं आले. लातूरच्या स्टँडवर त्यांना उतरवून घेतलं. वर्षभरात बरेच वाळले होते. चहा पाजला. ऑटोत बसल्यावर मला म्हणाले, "पोरी, चहा घिऊ का आपण?" मी म्हटलं, "आप्पा, आत्ताच झाला की." ते हसले, मीही हसले.

हॉलमध्ये पियानो उघडून ठेवला होता. हैदराबादच्या मॅडम म्हणजे धम्मप्रिया, मूळची लातूरचीच मुलगी, तिशीतली. पियानोचं काम चेन्नईला शिकून आली होती. आप्पांना बघून उठली, खुर्ची दिली, नमस्कार केला. शेषेराव सर होते, त्यांचे दोन शिक्षक होते, आरती कोपऱ्यात पुस्तक धरून उभी होती. धम्मप्रियानं खुंटीवर पाना चढवला आणि जरासा ओढला. काही झालं नाही. अजून ओढला, तरी काही नाही. मग एकदम आतून टक् असा आवाज आला आणि सूर पाहिजे त्याच्या पुढं उडी मारून गेला. तिनं मागं आणायला बघितलं. खुंटी आधी हटून बसली, मग टक् करून पार खाली. वर न्यावं तर फार वर, खाली आणावं तर फार खाली. मधे थांबायला जागाच नाही. तिसऱ्या की चौथ्या खुंटीला तार तुटली आणि तिनं पटकन तोंड बाजूला केलं म्हणून डोळा वाचला.

तिनं तुटलेल्या तारेची खुंटी फिरवून फिरवून बाहेर काढली. खुंटीच्या बारीक आट्यांत पिवळट पांढरा थर बसला होता. तिनं तो नखानं खरवडला, वास घेतला.

"राळ आहे ही," ती म्हणाली. "आणि खडू. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तशी खुंटी थोडी घट्ट होतेच. पण राळेमुळं ती लाकडाला चिकटून बसते, सरकतच नाही. जोर लावला की नुसतीच पिळली जाते आणि एकदम सुटते. हे कुणी केलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. डॉक्टर विचारतात ना, आधी कुठलं औषध घेतलंत, तसं विचारलं होतं. पण शेषेराव सरांनी भागवतकडं बघितलं. दोन्ही शिक्षकांनी बघितलं. मी बघितलं. आणि मला कळलं की आता हा खरं बोलणार नाही. वीस वर्षं संसार केलाय. खोटं बोलायच्या आधी भागवत खालचा ओठ आत ओढतो.

"आप्पांनी सांगितलं तसं केलं मी," तो म्हणाला. "फोनवर इचारून केलं. आप्पा म्हणले, राळ लाव."

आमच्या धंद्यात गुरूचं नाव तोंडात आलं की कानाच्या पाळीला हात लावायची रीत आहे. तेवढं बोलतानासुद्धा भागवतचा हात आपोआप कानाकडं गेला. मला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. बोलायला पाहिजे होतं मी. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं, हे तोंडातून निघेना.

आप्पा खुर्चीत बसून भागवतकडं बघत राहिले. रागावलेले दिसत नव्हते. काहीतरी शोधत असल्यासारखे दिसत होते. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते, तसे ते कावरेबावरे झाले.

"मी म्हणलो व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. भागवतनं मान खाली घातली. मग आप्पांनी शेषेराव सरांपुढं हात जोडले. "म्हणलो असंल सर. माझंच चुकलं मग. लेकराचा काई दोष न्हाई."

मला वाटलं, बघा, किती मोठा माणूस. पोरासाठी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. भागवतलाही तेच वाटलं असणार, कारण तो तोंड पुसायच्या निमित्तानं बाहेर गेला. परत आल्यावर आप्पांजवळ जाऊन काहीतरी पुटपुटायला लागला, तर आप्पांनी त्याच्या हातावर थोपटलं आणि मन अवघडलं की त्यांच्या तोंडात येते तसं त्यांच्या कानडीत म्हणाले, "इरली बिडो." म्हणजे असू दे, सोड.

शेषेराव सर सभ्य माणूस. आप्पांना ते एक शब्दही लागेलसं बोलले नाहीत. फक्त जाताना शिक्षकाला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्याचं ते गुरुजींच्या सत्काराचं राहू द्या. पालक विचारतील." हळू बोलले, पण हॉल रिकामा होता, आवाज घुमला. आप्पांनी नव्या धोतराच्या पिशवीची गाठ उगीचच सोडून पुन्हा बांधली.

धम्मप्रिया म्हणाली, राळ लावलेली प्रत्येक खुंटी काढून पुसावी लागेल, भोकही साफ करावं लागेल, उद्या वाजवायचं असेल तर सगळ्यांनी हात लावा. तिनं आधी एका खुंटीवर सोपा उपाय करून बघितला होता, ती आहे तिथंच पुढं-मागं फिरवून. घासून गरम झालेली राळ आणखीच चिकट झाली. मग आम्ही बसलो. भागवत तारा ढिल्या करून खुंट्या काढायचा. धम्मप्रिया भोकात बारीक गोल ब्रश फिरवून आतली राळ खरवडायची. मी खाली कापड धरून चुरा गोळा करायची.

"मॅडम, मला बी द्या काईतरी," आप्पा म्हणाले. "माझ्यामुळं झालंय हे."

ती नको म्हणत होती. पण आप्पा सतरंजीवर मांडी घालून बसलेसुद्धा. मग तिनं त्यांच्यापुढं स्पिरिटची वाटी आणि फडकं ठेवलं. खुंटी स्पिरिटात बुडवायची, आट्या-आट्यातनं पुसायची आणि ज्या क्रमानं आली त्याच क्रमानं कापडावर मांडायची, कारण जिची तिची जागा ठरलेली. प्रत्येक खुंटी आप्पा डोळ्यांशी नेऊन बघायचे. अधूनमधून मला विचारायचे, "ही कुठली गं?" मी सांगायची, ते मांडायचे, आणि पुढच्याच खुंटीला परत विचारायचे. मला वाटलं, दृष्टी कमी झालीये. भागवत दोन हातांच्या अंतरावर बसला होता. त्यानं एकदाही तिकडं बघितलं नाही. मला त्या पान्यानं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटत होतं.

साफ केलेली खुंटी परत बसवली की धम्मप्रिया ती सावकाश वर-खाली फिरवायची, पुन्हा पुन्हा, लाकडाची आणि लोखंडाची ओळख होईपर्यंत. मग पाना जरासा ओढला की सूर जरासाच सरकायचा आणि ठेवला तिथं राहायचा. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आप्पा हात थांबवून म्हणाले, "आता कसा, लोण्यावानी चाललाय बघ." आणि मनापासून हसले. त्या हसण्यानं मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी आप्पा शाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत आडवे झाले. मी भागवतला गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यावर नेलं.

"उद्या सगळ्यांसमोर खरं सांगायचं," मी म्हटलं. "माईकवर."

"दामिनी, पाटी लावलीय मी. पेपरात फोटो आलाय. लोक काय म्हणतील?"

"अन् आप्पांना काय म्हणून राहिलेत ते दिसंना का तुम्हाला? त्यांचा सत्कार काढला. त्या माणसानं तुम्हाला जेवू घातलं."

चहावर साय धरली. मग एकदम त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि गाडेवाला दुसरीकडं बघायला लागला. "मी काय बोललो तेच मला कळलं न्हाई," तो म्हणाला. "सगळे बघून राहिले होते माझ्याकडं. तोंडातून निघून गेलं. नंतर वापस घेता येईना."

"उद्या घ्या वापस. तुम्ही न्हाई सांगितलं तर मी सांगणार."

"सांगतो," तो म्हणाला. मला त्या क्षणी तो पुन्हा थोडासा आवडला, हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी हॉल मुलांनी आणि पालकांनी भरला होता. आप्पा नवं धोतर नेसून तिसऱ्या रांगेत बसले. पहिल्या रांगेतल्या त्यांच्या नावाच्या खुर्चीवरचा कागद कुणीतरी काढून टाकला होता. आरतीनं पियानो वाजवला. मला त्यातलं फार कळत नाही, पण पेटीच्या दुकानात बसून बसून माझाही कान झालाय. सूर सगळे जागच्या जागी होते. टाळ्या झाल्या. धम्मप्रियाला शाल दिली. तबकात अजून एक शाल घडी घालून ठेवलेली होती. मग शेषेराव सर म्हणाले, "आज गुरुपौर्णिमा आहे. शिष्य म्हणून दोन शब्द आपले भागवतराव बोलतील."

भागवत माईकसमोर उभा राहिला. आणि त्यानं सांगितलं. अगदी सरळ सांगितलं, काही लपवलं नाही.

"आप्पांनी मला फोनवर मना केलं होतं. राळ लावू नको म्हणले होते. मी ऐकलं न्हाई. अन् काल मी तुमच्यासमोर त्यांच्या नावावर खोटं बोललो. चूक माझी हाय. आप्पांची न्हाई. मला माफी करा."

मला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे.

शेषेराव सर उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी भागवतच्या हातातून माईक घेतला. "बघा मुलांनो," ते म्हणाले, "याला म्हणतात शिष्य! काल मी स्वतः तिथं होतो. गुरुजींनी स्वतःच्या तोंडानं मोठ्या मनानं चूक कबूल केली, माझ्या कानांनी ऐकलंय. आणि आज शिष्य ती चूक स्वतःच्या डोक्यावर घेतोय. गुरूच्या नावाला डाग नको म्हणून. गुरुपौर्णिमा यापेक्षा वेगळी काय असते?"

हॉल टाळ्यांनी दणाणला. पालक उभे राहिले. भागवत हात हलवून म्हणत होता, "न्हाई सर, खरंच, तसं न्हाई," पण माईक सरांकडं होता. मला राहवलं नाही. मी उभी राहून ओरडले, "खरं बोलून राहिलेत ते! फोन माझ्याच हातात होता!"

"आणि आमच्या वहिनीसुद्धा!" सर माईकमध्ये म्हणाले. "असं घर पाहिजे!" लोक कौतुकानं हसले, माझ्याकडं वळून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं माझा हात दाबला. सरांनी तबकातली शाल उचलली आणि भागवतच्या खांद्यावर घातली. आप्पांसाठी आणलेली शाल होती ती. भागवत तिच्याखाली उभा राहून ढसाढसा रडत होता, आणि तो जितका रडेल तितक्या टाळ्या वाढत होत्या.

लोक माना वळवून आप्पांना बघत होते. ज्यांची चूक पोरानं पोटात घातली ते गुरुजी हेच का, म्हणून. आप्पा बघेल त्याला हात जोडत होते.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही आप्पांना घेऊन स्टँडवर आलो. शाल भागवतनं काखेत गोळा करून धरली होती. वाटेत ती आप्पांच्या खांद्यावर घालायला बघितली, तर आप्पा म्हणाले, "तुला दिलीय, तूच ठिव." निलंग्याची गाडी लागायची होती. भागवत पाण्याची बाटली आणायला गेला. आप्पा आणि मी बाकावर बसलो.

"पोरी," ते म्हणाले, "एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा आप्पा."

"तुमी दोघांनी आज मला सांभाळून घेतलं. कळतंय मला. पण हितं कुणी न्हाई, म्हणून इचारून राहिलो. त्या फोनवर मी काय म्हणलो होतो?" ते हातांकडं बघत होते. "मला तर आठवतंय की मी लावू नको म्हणलो. पक्कं आठवतंय. पण भागवत म्हणला, लाव म्हणलात. आता भागवत खोटं कशाला बोलंल? मग माझंच डोकं गेलं म्हणायचं. तसं बी हल्ली इसरायला होतं. पण न घडलेलं आठवाया लागलं म्हंजी मग संपलंच की. रातभर डोळा लागला न्हाई मला."

त्यांनी काही अंगावर घेतलं नव्हतं. त्यांनी भागवतवर विश्वास ठेवला होता, स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त. मी त्यांचे दोन्ही हात धरले.

"आप्पा, तुम्ही नको म्हणाला होतात. आपली राळ आपल्या तानपुऱ्याला, असं म्हणाला होतात. जाणता माणूस बघ म्हणाला होतात. फोन माझ्या हातात होता. माझ्या लेकरांची शपथ."

"जाणता माणूस बघ," ते म्हणाले. "असंच म्हणलो होतो न्हाई का? हेच शबूद?"

"हेच."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. पाठ ताठ झाली. गुडघ्यावर हात मारून ते हसायला लागले. स्टँडवरची दोन माणसं वळून बघायला लागली. तेवढ्यात भागवत पाणी घेऊन आला.

"आरं भागवत!" आप्पा ओरडले. "मी न्हाईच म्हणलो होतो की! दामिनीनं सांगितलं. डोकं शाबूत हाय माझं!"

भागवतच्या हातातली बाटली मी घेतली, नाहीतर पडली असती. तो आप्पांच्या पायांवर वाकला आणि वाकलेलाच राहिला. आप्पांच्या तोंडावर रागाचा मागमूस नव्हता. माझ्या नवऱ्यानं आपल्याशी काय केलं हे अजून त्यांच्या मनात शिरलंच नव्हतं. तेवढी जागाच त्या आनंदानं ठेवली नव्हती. त्यांनी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"ऊठ, गाडी लागली," ते म्हणाले. "बरं झालं गड्या. मी लई भ्यालो होतो."